मुकादमाचं आजारपण

मुकादम म्हणजे एक मासा. नानांच्या पुढच्या खोलीतल्या काचेच्या टाकीत राहणारा, मूठभर अंगाचा, नारिंगी रंगाचा आणि भलत्याच तोऱ्यातला गोल्डफिश. दिवसभर तो टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचा, प्रत्येक दगडापाशी थांबून दगड जागेवर आहे ना ते बघायचा, आणि घरात कुणी आलं की काचेला तोंड लावून 'एवढा उशीर?' अशा नजरेनं पाहायचा. म्हणून नानांनी त्याचं नाव मुकादम ठेवलं होतं. नानी गेल्यापासून आपल्यावर देखरेख ठेवणारं घरात एवढंच कुणीतरी उरलंय, असं ते स्वतःच हसत सांगायचे.

नानांची हयात औषधं मोजण्यात गेली होती. ते एका दवाखान्यात कंपाउंडर होते. हात असा की एकसारख्या पुड्या बांधाव्यात तर त्यांनीच. एका पुडीत दुसरीपेक्षा कणभर जास्त जाईल तर शपथ. मुकादमालाही ते खाणं त्याच शिस्तीत घालायचे. रोज सकाळी, एकदाच, दोन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढं. एखाद्या पाहुण्यानं कौतुकानं डब्याकडे हात नेला तर "डोस झालाय त्याचा" म्हणून डबा उचलून फळीवर ठेवायचे.

सूनबाई दोन गल्ल्या सोडून राहायची, नवऱ्याबरोबर. तिचा नवरा तिला 'फिनेल' म्हणायचा, आणि ती त्याच्याकडे लक्ष देत नसे. एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात तिची नोकरी होती. शस्त्रक्रिया झाल्या की रक्तानं माखलेल्या कात्र्या, चिमटे, वाट्या तिच्या विभागात उतरायच्या. त्या धुवायच्या, पुसायच्या, हिरव्या कापडात गुंडाळायच्या, वर पट्ट्यापट्ट्यांची टेप लावायची आणि वाफेच्या मोठ्या यंत्रात ढकलायच्या. बाहेर येताना टेपवरच्या पट्ट्या काळ्या झालेल्या असल्या की समजायचं, आत एकही जंतू जिवंत नाही. हे काम करून करून तिची नजरच अशी झाली होती की चहाचा कप समोर आला तर चहाच्या आधी तिला कपाची कड दिसायची. लोक म्हणायचे, स्वभावच तिचा तसा. स्वभाव कसला, पोटापाण्याचा धंदा होता तो.

नानांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचं ठरलं तेव्हा ताई, म्हणजे त्यांची थोरली लेक, त्यांना आपल्या गावी घेऊन गेली. निघताना नानांनी किल्ली सूनबाईच्या हातात दिली आणि मुकादमाची सगळी व्यवस्था समजावून सांगितली. खाणं केवढं, पाणी किती बदलायचं, कुठल्या बादलीतलं घ्यायचं. शेवटी टाकीच्या कोपऱ्यातल्या काळ्या डब्याकडे बोट दाखवून म्हणाले, "काच पूस, दगड धू, काय हवं ते कर. फक्त या फिल्टरला हात लावू नकोस. आतला स्पंज घाण दिसतो, पण तो तसाच असावा लागतो."

"बरं, नाना," सूनबाई म्हणाली. मनात म्हणाली, म्हातारी माणसं आळसालासुद्धा कारण शोधून ठेवतात.

पहिले काही दिवस तिनं कसाबसा दम धरला. मग एका दुपारी काच पुसता पुसता तिनं डब्याचं झाकण उचललंच. आतला स्पंज तपकिरी, बुळबुळीत, गाळानं फुगलेला होता. तिच्या अंगावर काटा आला. ज्या पाण्यात तो जीव श्वास घेतो ते पाणी या असल्या घाणीतून गाळून येतं, आणि नाना म्हणतात हात लावू नकोस! साध्या पाण्याखाली धरून पिळला असता तरी एक वेळ निभावलं असतं. पण अर्धवट काम करील ती सूनबाई कसली. तिनं तो पिशवीत घालून रुग्णालयात नेला, साबणानं धुतला, दुहेरी कापडात गुंडाळला, टेप लावली आणि शेवटच्या खेपेत चिमट्यांच्या ट्रेशेजारी सरकवून दिला. खाजगी वस्तू त्या यंत्रात घालायला सक्त मनाई होती. पण मुक्या जिवासाठी एवढं चालतं, असं तिनं स्वतःला सांगितलं. स्पंज पांढराशुभ्र होऊन बाहेर आला. टेपवरच्या पट्ट्या काळ्याकुट्ट झाल्या होत्या. त्याच संध्याकाळी तिनं टाकीतलं सगळं पाणी काढून नवीन भरलं, दगड घासले, आणि चकाकणाऱ्या टाकीकडे बघत खुर्चीत बसून चहा प्यायली. तिला स्वतःचाच अभिमान वाटला होता, हे इथे सांगितलंच पाहिजे.

दोन दिवसांनी नाना परतले. डोळ्यावर काळा चष्मा, खिशात थेंबांच्या बाटल्या. टाकीसमोर उभे राहून म्हणाले, "वा! मुकादमाचं घर रंगवून काढलंस की." सूनबाई हसली. फिल्टरचा विषय निघाला नाही, तिनंही काढला नाही.

आठवडा व्हायच्या आत टाकीतलं पाणी दुधाळ दिसायला लागलं. मुकादम पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंड उघडझाप करत राहायचा. मग तेही बंद झालं आणि तो तळाशी एका कुशीवर पडला. पंखांवर लाल रेघा उमटल्या होत्या. नानांनी सूनबाईला फोन केला. "जरा येऊन जातेस का गं? मुकादम आज कामावर आला नाही." बोलणं थट्टेचं होतं, आवाज मात्र थट्टेचा नव्हता.

झाकणाच्या बादलीत मुकादमाला घालून ती दोघं प्राण्यांच्या डॉक्टरकडे गेली. बाहेर बाकांवर कुत्री-मांजरं घेऊन बसलेली माणसं वाकून वाकून बादलीत डोकावत होती. एका बाईंनी तर "यालाही दाखवतात का?" म्हणून विचारलं, आणि नाना ताठ होऊन म्हणाले, "यालाही दुखतं, बाई." डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. आधी नानांनी बाटलीत आणलेलं टाकीतलं पाणी नळीत घेऊन त्यात कसलेसे थेंब टाकले. पाणी गर्द हिरवं झालं. मग मुकादमाचे कल्ले हलक्या हातानं उचलून पाहिले.

"अमोनिया फार वाढलाय," त्या म्हणाल्या. "कल्ले भाजल्यासारखे झालेत. मासा पाण्यात राहतो तिथेच त्याची घाण पडते, आणि फिल्टरमधल्या स्पंजात चांगले जंतू असतात, ते ती घाण पचवतात. ते जंतू मेले की पाण्याचं विष होतं. फिल्टर कुणी गरम पाण्यानं, साबणानं धुतला का?"

नानांनी मान वळवली. "सूनबाई, उघडला होतास का गं तू?"

"नाही," सूनबाई म्हणाली.

शब्द तोंडातून गेल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो. पुन्हा तोंड उघडून 'हो, उघडला होता' म्हणायला तिला कुणी अडवलं नव्हतं. पण समोर डॉक्टर होती, शेजारी नाना होते, ज्यांनी बोट दाखवून बजावलं होतं, आणि डोक्यात ते वाफेचं यंत्र होतं, ज्यात तिनं चोरून स्पंज घातला होता. शिवाय जंतू मारणं हेच जिचं काम, तिनं जंतू मारून मासा मारायला घेतला, हे कुणाच्या तोंडून ऐकायची तिची तयारी नव्हती.

"मग खाणं जास्त पडत असणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "न खाल्लेलं कुजतं, त्यानंही हेच होतं. आजोबा, दिवसातून किती वेळा घालता?"

"एकदा. सकाळी."

"नक्की एकदाच? होतं असं कधीकधी, आपण घातलंय हे विसरून पुन्हा घालतो."

जन्मभर डोस मोजलेला तो माणूस काळ्या चष्म्याआडून बादलीकडे बघत राहिला, आणि मग म्हणाला, "एकदाच घालतो. म्हणजे, घालत असेन."

तो 'असेन' सूनबाईच्या काळजात रुतला.

उपचार साधे होते, पण चिवट. खाणं बंद. रोज थोडं थोडं पाणी बदलायचं, चिमूटभर मीठ घालायचं. आणि डॉक्टरीणबाईंनी आपल्या दवाखान्यातल्या टाकीतून जुन्या स्पंजाचा एक मळका तुकडा कापून पिशवीत दिला. "याच्यातले जंतू तुमच्या फिल्टरमध्ये पसरतील. जपून न्या, वाळू देऊ नका." जगातली सगळी घाण जिच्या नाकाला झोंबायची, ती सूनबाई तो गाळानं भरलेला तुकडा दोन्ही हातांत धरून घरी आली. फिल्टरचा डबा तिनंच उघडला. नानांचा डोळा अजून कच्चा होता, त्यांना वाकायची बंदी होती. आत तिचा पांढराशुभ्र स्पंज होता.

"कसा आहे आतला?" नानांनी खुर्चीतून विचारलं.

"आहे तसाच," ती म्हणाली, आणि मळका तुकडा त्या स्पंजावर घट्ट पिळून सगळीकडे चोळला, पांढरं कुठे दिसू नये म्हणून. तिला स्वतःची किळस आली, आणि ती त्या गाळामुळे आली नव्हती.

मग सूनबाईनं मुकादमाची जी सेवा केली तिला तोड नव्हती. कामावर जायच्या आधी नानांकडे, कामावरून सुटली की नानांकडे. बादल्या भरायच्या, पाण्यातला क्लोरीन उडून जावा म्हणून त्या उघड्या ठेवायच्या, कोमट-गार हातानं बघायचं, नळीनं तळाचं पाणी काढायचं, नवीन पाणी ताटलीवरून हळूहळू सोडायचं, कारण धार पडली की मुकादम दचकायचा. मधल्या वेळात ती टाकीसमोर जमिनीवर बसून कल्ल्यांची उघडझाप बघायची. 'जग रे बाबा,' ती मनात म्हणायची, 'तू जगलास तर मी सांगून टाकते.' म्हणजे तिनं आपल्या खरेपणाचा भार त्या अर्धमेल्या माशावर टाकला होता.

आणि जो तो तिचं कौतुक करायचा! शेजारच्या काकू म्हणाल्या, "सख्ख्या माणसाचं कुणी एवढं करत नाही." नवरा म्हणाला, "फिनेल, मी आजारी पडलो की माझंही पाणी असंच बदलशील ना?" नाना तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "मी घोळ घालून ठेवला, निस्तरतेय ती." हे ऐकलं की सूनबाईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती बादली उचलून मोरीत जायची आणि नळ मोठा सोडायची.

ताई नानांचा डोळा बघायला म्हणून आली आणि मासा बघून बसली. ताई वाईट बाई नव्हती. तिची माया होती वडिलांवर, पण ती मायासुद्धा हुकूम सोडल्यासारखी करायची. गेल्या वर्षभरात नानांच्या हातून दोनदा दूध उतू गेलं होतं, एकदा नळ उघडा राहून जिन्यापर्यंत पाणी आलं होतं. असं कुणाच्या घरी होत नाही? पण आता त्या सगळ्या गोष्टी ताईनं एका दोरीत ओवल्या आणि शेवटी मुकादमाची गाठ मारली.

"आज माशाला दोनदा खाणं घातलं," ती म्हणाली, "उद्या स्वतःच्या गोळ्या दोनदा घेतील. परवा गॅस. नाही रे, मी त्यांना इथे एकटं ठेवणार नाही. हे भाड्याचं घर सोडून द्या, मी नेते त्यांना."

नवरा म्हणाला, "ताई, घाई करू नकोस. बरेच आहेत की ते." पण त्याच्याही बोलण्यात जोर नव्हता. डॉक्टरच्या टेबलापाशी काय झालं ते नानांनी त्यालाही सांगितलं होतं.

सूनबाई दारात उभी होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, कारण रोज इथे ती असायची, नानांचं बरंवाईट तिला ठाऊक. ती म्हणाली, "माशासाठी माणसाला कुणी घर सोडायला लावतं का?" एवढंच. पुढचं वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. ते आलं आणि परत गेलं.

"माशासाठी नाही गं," ताई म्हणाली. "मासा नुसता कळवून गेला."

नाना खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. त्यांना काय वाटतं हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मग ताईलाच सुचलं. ते म्हणाले, "माझं काही म्हणणं नाही. तुम्ही म्हणता ते बरोबरच असेल." जो माणूस डॉक्टरनं चिठ्ठीत डोस चुकवला तर ती चिठ्ठी डॉक्टरला परत पाठवायचा, तो असं बोलला. सूनबाई स्वयंपाकघरात जाऊन मघाशीच धुतलेले कप पुन्हा धुवायला लागली.

मुकादम मात्र हळूहळू सुधारत होता. आधी तो कुशीवरून सरळ झाला. मग तळापासून वीतभर वर आला. पंखांवरच्या लाल रेघा फिकट झाल्या, पाणी निवळलं. एका सकाळी तो एका दगडापाशी गेला आणि थांबून त्याची पाहणी करून आला. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं वळून नानांना हाक मारली, तर नाना स्वयंपाकघरात गॅसचं बटण चाचपत होते. बंद होतं. ते बाहेर आले, टाकीपर्यंत आले, आणि "आलोच" म्हणून पुन्हा आत गेले. बटण पुन्हा चाचपलं.

तेव्हापासून तिचं लक्ष जायला लागलं. नाना कुलूप लावून जिना उतरायचे आणि पुन्हा वर यायचे. डोळ्यात थेंब घातले का, हे तिला विचारायचे, ती घरात नव्हती त्या वेळचं. पूर्वी चहात साखर किती म्हणून विचारलं की "चमच्याला विचार" म्हणणारा माणूस आता म्हणायचा, "तूच घाल बाई, माझा हात मेला भरवशाचा राहिला नाही." माशाच्या खाण्याचा डबा त्यांनी स्वतः होऊन तिच्या पिशवीत टाकला होता. एक चांगलं, खणखणीत, चालतं माणूस तिच्या एका शब्दानं रोज थोडं थोडं खचत होतं, आणि ती त्याच्यासमोर बादल्या वाहून पुण्यवान ठरत होती.

त्याच संध्याकाळी वाळलेले कपडे घड्या करताना तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. स्पंज, यंत्र, टेप, डॉक्टरकडचं 'नाही'. नवऱ्याच्या हातातली चादर अर्धवट घडीतच राहिली.

"म्हणजे नानांनी काहीच केलं नव्हतं?"

"काहीच नाही."

"आणि तू बघत बसलीस? ताई घर मोकळं करायला निघालीय, आणि तू बघत बसलीस?" तो कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशी चढवला. तिनं मान वर केली नाही. थोड्या वेळानं तो म्हणाला, "माझ्यासमोर रडून काय उपयोग. त्यांना सांग."

ताईला त्यानंच फोन केला. ताई म्हणाली, "तुझ्या बायकोला म्हणावं, शाबास." पण ताई न्यायाला पक्की. पुढे म्हणाली, "असं असेल तर माझा हट्ट नाही. नाना राहतो म्हणाले तर राहू देत." सूनबाईला वाटलं, चला, छातीवरचा धोंडा निम्मा उतरला. उरलेला नानांपुढे उतरवायचा.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती सकाळीच गेली. नाना पेटीत कपडे भरत होते, एकेक सदरा नीट बसवून. खोलीत ऊन आलं होतं. मुकादम काचेपाशी येऊन दोघांकडे बघत होता. तिनं नानांना हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर जमिनीवर बसली.

"नाना, तुम्ही बजावलं होतंत तरी मी फिल्टर उघडला होता. स्पंज साबणानं धुऊन, कामावर नेऊन वाफेत घातला. सगळे जंतू मी मारले. मुकादम माझ्यामुळे आजारी पडला. आणि डॉक्टरकडे मी खोटं बोलले. तुम्ही त्याला कधीच दोनदा घातलं नव्हतं."

नानांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला. मग ते हसले, अगदी मायेनं. "कधीपासून जुळवत होतीस हे?"

"जुळवलेलं नाही, नाना. खरं तेच सांगतेय."

"अगं, मग मला आठवतं ते काय आहे?"

"काय आठवतं?"

"डॉक्टरकडे तेव्हा आठवत नव्हतं. नंतर रोज बसून बसून आठवलं. दुपारी थेंब घालून पडलो होतो. उठलो तर खोलीत असाच उजेड होता. वाटलं, सकाळच आहे. उठून डबा घेतला, खाणं घातलं. झाकण हातातून निसटलं आणि टाकीमागे गेलं. ते मी वाकून काढलं. डोळ्याला जपायचं म्हणून हळूच वाकलो होतो, तेसुद्धा आठवतंय मला."

झाकण टाकीमागे पडलं होतं ते सूनबाईच्या हातून, मुकादमाच्या आजारपणात टाकीजवळचा डबा बाजूला ठेवताना. ती नको नको म्हणत असताना नानांनी ते वाकून काढलं होतं, तिच्यासमोरच. त्या खऱ्याखुऱ्या झाकणाला नानांनी बाकीची सगळी दुपार जोडून घेतली होती. ती त्यांना हे सांगायला लागली, एकदा, दोनदा, आवाज चढवून. ते मान हलवत राहिले. मग ती उठली आणि तिनं फिल्टरचा डबा उघडला. "हे बघा! मी धुतला होता तो, पांढरा झालेला स्पंज..."

नानांनी जवळ येऊन आपला नवा डोळा बारीक करून पाहिलं. स्पंज तपकिरी, बुळबुळीत, गाळानं फुगलेला होता. तिनंच तो तसा केला होता, मुकादम वाचावा म्हणून.

"मी ठेवून गेलो होतो तसाच आहे की," नाना म्हणाले.

नानांनी फिल्टरचं झाकण तिच्या हातातून घेऊन जागेवर बसवलं.

"आमच्या दवाखान्यात एक बरणी असायची, नुसत्या साखरेच्या गोळ्यांची," ते म्हणाले. "काही लोकांना औषध नको असायचं, नुसतं बरं वाटायला हवं असायचं. त्यांना मीच द्यायचो त्या. म्हणून मला ती साखरेची गोळी नको देऊस, पोरी. पण दिलीस, हे लक्षात ठेवीन." मग पेटीकडे वळून म्हणाले, "ताईचा सकाळी फोन होता. तिलाही हेच सांगत बसला होता तुझा नवरा, म्हणाली. मी तिला म्हटलं, लेकरं बापाची लाज राखतायत, तू ऐकू नकोस. शनिवारी गाडी घेऊन ये."

"नाना, तुम्ही जायचं नाही."

"जायला हवं. तुझ्या जिवावर किती दिवस काढू? मुकादमाला तू घेऊन जा. तुझ्याकडे तो सुखात राहील."

तिनं पिशवीतून डबा काढून त्यांच्यापुढे धरला. डॉक्टरीणबाईंनी कालच त्याला खायला घालायची परवानगी दिली होती. "निदान आज तुम्ही घाला," ती म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं, आणि नाना ते वेगळ्याच कारणाचं समजून तिच्या डोक्यावर हात ठेवत होते. त्यांनी डबा उघडला. दोन बोटांच्या चिमटीत नेमकं तेवढंच घेतलं, कणभर जास्त नाही. मुकादम वर येऊन थांबला. नानांचा हात पाण्यावर गेला आणि तिथेच राहिला.

"सूनबाई," त्यांनी हळूच विचारलं, "मी मघाशी घातलं नाहीये ना?"

"नाही, नाना."

"नक्की?"

"डबा माझ्याकडे होता, नाना. नक्की."

"तू म्हणतेस म्हणजे नसेलच," नाना म्हणाले, आणि त्यांनी चिमूट सोडली.